परसातील गायक : बिलोलीच्या वसंतातील पक्षी

वसंत ऋतूची चाहूल दूरदेशीहून परतणाऱ्या पक्ष्यांमुळे लागते, ही कल्पना इंग्लंड-जर्मनीकडील निसर्गलेखनातून मराठी वाचकांपर्यंत आलेली असून ती त्या प्रदेशांपुरती खरीही आहे. कारण हिवाळाभर आफ्रिकेत राहिलेले पक्षी तिकडे मार्च-एप्रिलमध्ये परततात आणि ओस पडलेल्या बागा गजबजू लागतात. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, तेलंगणाच्या सीमेलगत वसलेल्या बिलोलीत मात्र घडते ते जवळपास याच्या उलट. येथे हिवाळा हाच पाहुण्यांचा काळ असतो आणि फाल्गुन सरत आला की ते परतीच्या वाटेला लागतात. चैत्र-वैशाखात परसबाग ज्या आवाजांनी भरून जाते, ते बहुतांशी बारमाही मुक्काम असलेल्या पक्ष्यांचे असतात. हे पक्षी एरवीही त्याच कुंपणावर आणि त्याच शेवग्यावर वावरतात, परंतु गात नसल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाहीत, आणि गाऊ लागले की नव्यानेच आल्यासारखे वाटतात. त्यामुळे बिलोलीच्या वसंतात पक्षी आधी कानांनी शोधावा आणि मग डोळ्यांनी ओळखावा, हा क्रम सोयीचा ठरतो.

मांजरा नदी बिलोलीच्या पूर्वेकडून वाहत जाऊन कंदकुर्ती येथे गोदावरीला मिळते. तालुक्याची जमीन बव्हंशी काळी, पिके कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा आणि ज्वारी यांची, आणि एप्रिल सरताना पारा सहज चाळिशी ओलांडतो. रब्बीची रास घरी आली की शिवार उघडे पडते, ओढे-नाले कोरडे होतात, आणि नेमक्या याच काळात घरामागचे परस पक्ष्यांच्या दृष्टीने मोलाचे ठरते. जुन्या माळवदी घरांच्या मागे न्हाणीचे पाणी जिथे मुरते तिथे केळ, अळू, कर्दळ यांची दाटी असते. भोवती पेरू, लिंबू, कढीपत्ता, जास्वंद, शेवगा, आणि जागा असेल तर कडुनिंब किंवा आंबा. न्हाणीमागच्या या ओलाव्यात किडे वाढतात, किड्यांमागे पक्षी येतात, आणि पिलांना चारण्यासाठी जवळजवळ सर्वच लहान पक्ष्यांना किडे लागत असल्याने फुले-फळे खाणारेही याच कोपऱ्यात घिरट्या घालतात. नव्या सिमेंटच्या घरांत हे पाणी थेट गटारात जाते आणि परसात फरशी बसते; पक्षी कमी झाल्याची तक्रार ऐकू येते तेव्हा निदान गावाच्या पातळीवर या बदलाचा विचार आधी व्हायला हवा.

पक्षी नेमके याच सुमारास का गाऊ लागतात, याचे उत्तर पुष्कळ अंशी उजेडात आहे. 1920 च्या दशकात कॅनडात विल्यम रोवन या प्राणिशास्त्रज्ञाने ऐन कडाक्याच्या हिवाळ्यात, उघड्यावरच्या पिंजऱ्यांतील जुंको या लहान पक्ष्यांना विजेच्या दिव्यांचा उजेड रोज थोडाथोडा वाढवून दिला, तेव्हा बाहेर बर्फ असतानाही त्यांच्या जननग्रंथी वाढू लागल्या; म्हणजे उष्णता नव्हे, तर लांबत जाणारा दिवस हा पक्ष्याच्या शरीराला मिळणारा इशारा होता. पुढील संशोधनातून असे स्पष्ट झाले की हा उजेड केवळ डोळ्यांनी नव्हे, तर कवटीतून झिरपून मेंदूच्या आतील भागातही जाणवतो, तेथून संप्रेरके, म्हणजे रक्तातून संदेश वाहणारी द्रव्ये, सुटतात आणि काही जातींत तर मेंदूतील गाण्याशी निगडित केंद्रेही हंगामापुरती मोठी होतात. लंडनमध्ये सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात आठ तासांहून अधिक फरक असतो, तर बिलोलीच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे पावणेएकोणीस अंश उत्तरेला, तो जेमतेम सव्वादोन तासांचा असतो. इतक्या थोड्या फरकावर भिस्त ठेवता येत नसल्यामुळे उष्ण प्रदेशातील पक्षी अन्न आणि पाऊस यांचीही दखल घेतात, आणि म्हणूनच येथील गाण्याचा हंगाम एकाच वेळी उघडत नाही. कोणी माघातच सुरुवात करतो, तर कोणी मृगाची वाट पाहतो.

गायक पक्षी कोणाला म्हणावे, याबाबत लोकव्यवहार आणि शास्त्र यांची वाट वेगळी आहे. पक्ष्याचा आवाज माणसाप्रमाणे घशाच्या वरच्या भागात उमटत नाही. श्वासनलिका खाली छातीत जिथे दुभंगून दोन फुफ्फुसांकडे जाते, तिथे सिरिंक्स नावाचे स्वनयंत्र असते. ज्या गटात या यंत्राला हलवणाऱ्या बारीक स्नायूंच्या अनेक जोड्या असतात आणि त्यामुळे दोन्ही शाखांतून वेगवेगळे स्वर एकाच वेळी काढता येतात, त्याला शास्त्रात गायक पक्ष्यांचा उपगण मानले जाते, आणि जगातील पक्ष्यांच्या जवळपास निम्म्या जाती त्यात मोडतात. या कसोटीवर आंब्यावरून कुहू घालणारा कोकीळ बाद होतो, पहाटेपासून ‘टुक टुक’ करणारा तांबट हा सुतार पक्ष्यांच्या गणातला ठरतो, ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशाही कोकीळकुळातला असल्याने बाहेरच राहतो, आणि कावळा मात्र दिमाखात आत येतो. चिमणी, साळुंकी, कोतवाल, सातभाई हे सारे गायक गणातले. त्यांचे गाणे माणसाला गोड लागते की नाही, याच्याशी शास्त्राला देणेघेणे नाही.

स्नायूंइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाणे शिकावे लागते. केंब्रिज येथे विल्यम थॉर्प यांनी 1950 च्या दशकात चॅफिंच जातीची पिले मोठ्या पक्ष्यांच्या आवाजापासून दूर वाढवली, तेव्हा ती पुढे गायली खरी, पण त्यांच्या गाण्यात जातीची ओळखीची घडण नव्हती. कोकिळाच्या बाबतीत असे शिक्षण संभवतच नाही, कारण त्याचे पिलू कावळ्याच्या घरट्यात वाढते आणि तरीही पुढल्या वर्षी कुहूच करते. ते जन्मजात असते. आवाज ऐकून शिकण्याची ही क्षमता गायक पक्ष्यांखेरीज पोपट आणि अमेरिकेतील हमिंगबर्ड यांच्यात आढळते. शिकण्यातून येणारा एक परिणाम परसात उभे राहून ऐकणाऱ्यालाही जाणवू शकतो: एकाच जातीच्या दोन नरांचे गाणे तंतोतंत सारखे नसते, आणि कान तयार झाला की शेजारच्या वाड्यातला दयाळ कोणता आणि आपल्या टाकीवर बसणारा कोणता, हे न पाहताही कळते.

ऐकताना गाणे आणि हाक यांतील भेद ध्यानी ठेवावा. गाणे लांब, बांधीव आणि हंगामी असते. ते बहुधा उंच, उघड्या जागेवरून गायले जाते आणि त्यातून इतर नरांना हद्दीचा इशारा व मादीला निमंत्रण असे दुहेरी काम साधते. हाक आखूड असते, बारा महिने ऐकू येते, आणि तिचा प्रसंग ठरलेला असतो: थव्याला धरून राहण्यासाठी एक, पिलांना बोलावण्यासाठी दुसरी, धोक्यासाठी तिसरी. धोक्याच्या हाकांतही फरक असून वरून शिक्रा झेपावत असेल तर बारीक, चिरकी, कोठून आली ते न कळणारी हाक दिली जाते, आणि कुंपणाखाली मांजर किंवा मुंगूस दिसले तर कर्कश कलकलाट करून सगळ्यांना गोळा केले जाते. बुलबुल आणि सातभाई असा गोंधळ घालू लागले की तिकडे जाऊन पाहावे. अनेकदा एरवी न दिसणारे पक्षीही त्या निमित्ताने बाहेर आलेले असतात. केवळ नरच गातात, हा समज मात्र आता मागे पडला आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासाने गायक पक्ष्यांच्या बहुसंख्य अभ्यासलेल्या जातींत मादीही गाते आणि त्यांच्या आद्य पूर्वजांतही ती गात असावी, असे दाखवले. हा समज रुजला तो गाणाऱ्या माद्या कमी असलेल्या युरोप-उत्तर अमेरिकेतच आधी अभ्यास झाल्यामुळे.

मार्चअखेर बिलोलीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि त्याआधी अर्धा तास, दिशा नुकत्या उजळत असताना, बहुतेक वेळा पहिला सूर दयाळाचा लागतो. साळुंकीपेक्षा किंचित लहान, शेपटी उंच धरणारा, वरून चकाकता काळा आणि पोटाकडे पांढरा असा हा नर विजेच्या तारेवर, पाण्याच्या टाकीवर किंवा शेवग्याच्या शेंड्यावर बसतो. मादीत काळ्याच्या जागी करडा रंग असतो. हिवाळ्यात तो अळूच्या आडोशाने जमिनीवर किडे टिपत असतो आणि क्वचित एखादी खरखरीत हाक देतो, त्यामुळे फेब्रुवारीत त्याच जागेवरून मोकळ्या शिळेसारखे गाणे सुरू झाले की हा तोच पक्षी आहे यावर विश्वास बसत नाही. त्याच्या गाण्यात तीन-चार सुरांचे तुकडे असतात, प्रत्येक तुकड्यानंतर थांबा असतो, आणि पुढचा तुकडा बहुधा मागच्याहून वेगळा असतो. मधूनच इतर पक्ष्यांच्या नकलाही येतात. बांगलादेशाने याच पक्ष्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला आहे. मार्च ते जुलै या काळात झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भगदाडात त्याचे घरटे असते. घरटे बांधणे आणि अंडी उबवणे मादी करते, तर नर हद्दीची राखण करतो. उन्हाळ्यात घराची डागडुजी करताना भिंतीचे भोक बुजवण्याआधी आत डोकावणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

शिंपी या पक्ष्याचे नाव सर्वांना माहीत असते आणि पक्षी बहुधा कोणीच पाहिलेला नसतो. तो चिमणीपेक्षाही लहान, पाठीकडे हिरवट, कपाळावर तांबूस आणि शेपटी उभी धरणारा असून त्याचा आवाज अंगाच्या मानाने फारच मोठा असतो. ‘टुविट्-टुविट्-टुविट्’ असा एकच शब्द तो वाढत्या जोराने घोकत राहतो. कर्दळ, लिंबू, वांगे किंवा रुंद पानाचे कोणतेही झुडूप त्याला चालते. मादी पानाच्या दोन्ही कडांना चोचीने बारीक भोके पाडते, त्यांतून कोळ्याच्या जाळ्याचे, वनस्पतीचे किंवा कापसाचे तंतू ओढून घेते आणि पानाची पन्हळ करून तिच्या आत मऊ अस्तर घालते. पान जवळून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते: सलग धागा फिरवून शिवण घातलेली नसते, तर प्रत्येक भोकातील तंतूचे टोक बाहेरच्या बाजूला पिंजारून रिव्हेटसारखे अडकलेले असते आणि गाठ कोठेच नसते. पान जिवंत राहते, हिरवे राहते, त्यामुळे घरटे शेजारच्या पानांतून वेगळे ओळखू येत नाही. कापसाच्या या मुलुखात तंतूंची वानवा नसते. विणीचा भर पावसाळ्यात असला तरी मार्चपासूनच जोड्या कामाला लागतात, म्हणून जास्वंद-लिंबाची छाटणी उन्हाळ्यात काढण्यापूर्वी दोन पाने एकत्र आलेली दिसली तर ती फांदी सोडावी.

शिंपी ज्या झुडपात असतो तिथेच राखी वटवट्याही असतो आणि सुरुवातीला दोघांची गल्लत होते. वटवट्याची शेपटी लांब, पोट पिवळसर बदामी, पाठ राखाडी, आणि उडताना तो कट्कट् असा आवाज काढतो. फुलांवर मात्र राज्य शिंजीराचे. फाल्गुनात पळस आणि पांगारा फुलतात तेव्हापासून तो चढ्या आवाजात ‘चिविट्-चिविट्’ करीत जास्वंदीवर येऊ लागतो, आणि जास्वंदीचे फूल त्याच्या चोचीला गैरसोयीचे असल्याने अनेकदा देठाकडे भोक पाडून मध चोरतो, त्यात परागण काही होत नाही. नराचा रंग सावलीत कोळशासारखा आणि उन्हात निळा-जांभळा दिसतो, कारण ती झळाळी रंगद्रव्याची नसून पिसांतील अतिसूक्ष्म थरांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरींच्या मिलाफाने निर्माण होते. वीण संपल्यावर तो ही पिसे टाकतो आणि मादीसारखा फिकट होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा उरतो. त्यामुळे दिवाळीत पाहिलेला आणि शिमग्यात पाहिलेला शिंजीर दोन वेगळे पक्षी असल्याची नोंद नवशिक्यांच्या वह्यांत हटकून सापडते. त्याचे घरटे दाराजवळच्या वेलीला किंवा चक्क जुन्या वायरीला लोंबणाऱ्या, काड्याकचऱ्याच्या आणि जाळ्याच्या पिशवीसारखे असते, प्रवेशावर छोटी वळचण असते, आणि कचरा लटकला आहे असे समजून ते झाडूने काढले जाण्याचा धोका मोठा असतो.

कडुनिंबाच्या शेंड्यात शीळ ऐकू येते आणि पक्षी सापडत नाही, तेव्हा बहुधा सुभग असतो. काळ्या पंखांवर पांढरे पट्टे, खाली लख्ख पिवळा. लांबलेली बारीक शीळ एकदम खालच्या सुरावर उतरते. विणीच्या काळात नर हवेत उंच उडी घेतो आणि पाठीची पांढरट पिसे फुलवून गिरक्या घेत खाली येतो. त्याच झाडावर बासरीसारखा, ओला वाटणारा स्वर आला तर तो हळद्याचा. अंगभर पिवळ्या धमक रंगावर डोळ्यातून जाणारी काळी रेघ हीच त्याची खूण. लालबुड्या बुलबुलाला शोधावे लागत नाही, तो स्वतःच सांगत येतो. नाचण शेपटीचा पंखा उघडमीट करीत केळीखाली नाचत असतो आणि त्याची शीळ चढत्या-उतरत्या सुरांत, माणसाने घातल्यासारखी येते.

निरोप घेणाऱ्यांकडेही लक्ष असावे. ज्वारीच्या हंगामात शेतकरी माचाणावरून गोफणीने ज्यांना हाकतात त्या भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, मार्चमध्ये पळसावर आणि पांगाऱ्यावर मोठ्या थव्यांनी किलबिलत उतरतात आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत नाहीशा होतात. त्यांची वीण मध्य आशियाच्या गवताळ पठारांवर, टोळांच्या हंगामात होते. ज्या पक्ष्याने गोफण पाहिली तोच तिकडे पिकांचा रक्षक मानला जातो. हिवाळाभर अंगणात शेपटी थरथरवणारा थिरथिराही याच सुमारास जातो. झुडपात दडून फक्त ‘चक्’ म्हणणारा बोरू वटवट्या जाण्याच्या तोंडावर, एप्रिलमध्ये, चक्क गाऊ लागतो. उत्तरेकडच्या विणीसाठीचे हे गाणे तो बिलोलीच्या लिंबावरच सुरू करतो आणि पूर्ण होते ते हजारो किलोमीटरवर.

पाण्याची सोय ही या दिवसांतील सर्वांत साधी आणि सर्वांत उपयोगी गोष्ट होय. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकूनच त्यांना अंगातील उष्णता बाहेर टाकावी लागते आणि त्यात पाणी खर्च होते. पसरट मातीचे भांडे, खोली दोन बोटांहून जास्त नाही, सावलीत पण झुडपापासून चार हात मोकळ्या जागी ठेवावे, म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही. पाणी रोज बदलावे, नाही तर डास आणि रोग दोन्ही वाढतात. धान्य टाकल्याने चिमण्या, होले आणि साळुंक्या वाढतात, परंतु वर वर्णिलेल्या पक्ष्यांपैकी जवळजवळ कोणीच दाणे खात नाही. त्यांना हवे असतात किडे, आणि ते हवे असतील तर परसात औषध फवारणे थांबवावे लागते. पक्षी पकडणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे बाजारात मुनिया विकत घेणाऱ्यांना अजूनही सांगावे लागते.

महाराष्ट्र शासन 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळते, कारण या आठवड्याच्या एका टोकाला मारुती चितमपल्ली यांचा आणि दुसऱ्या टोकाला सालिम अली यांचा जन्मदिवस येतो. योजना उत्तम आहे, फक्त तेव्हा परसातले बहुतेक गायक गप्प असतात, आणि शाळेच्या मुलांना गाणे ऐकवायचे असेल तर गुढीपाडव्याचा आठवडा अधिक उपयोगाचा. चिमणी दिनाची 20 मार्च ही तारीख त्या दृष्टीने बरी आहे. नोंद ठेवताना पहिले गाणे कोणत्या तारखेला, कोणत्या झाडावरून, किती वाजता ऐकले, इतके लिहिले तरी पुरते; आवाजावरून नाव सुचवणारे मर्लिनसारखे अ‍ॅप हाताशी असले तरी दयाळ आणि कोतवाल नकला करीत असल्याने डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय ते नाव वहीत चढवू नये.

बिलोली पूर्वी ज्या हैदराबाद संस्थानात होते त्या संस्थानाचे पक्षी सर्वेक्षण सालिम अली यांनी 1931-32 मध्ये केले आणि त्याचा वृत्तांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. त्या धर्तीवर नोंद करण्याजोगा एक पक्षी बिलोलीच्या प्रत्येक अंगणात आहे. चिमणीएवढा काळा चीरक शेपटी पाठीवर टेकवील इतकी उभी धरतो, शेपटीखाली तांबूस असतो आणि दगडावरून किंवा माळवदाच्या कठड्यावरून थोडक्यात गातो. उत्तर भारतातील नरांची पाठ तपकिरी असते, दक्षिणेकडील नरांची काळी, आणि दख्खनच्या मधल्या पट्ट्यात मधले रंग दिसतात. बिलोली याच मधल्या पट्ट्यात येते, म्हणून चीरकाचा नर दिसला की नावापुढे टिकमार्क करून न थांबता, तो उन्हात पाठमोरा बसेपर्यंत थांबावे आणि पाठीचा रंग तपकिरी, काळा की मधला, हे तारखेसह लिहावे.